जुन्या मोटारीला चाक बसवताना

प्रीमियर पद्मिनी ही मोटार एके काळी मुंबईच्या रस्त्यांची ओळख होती. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपातली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. डिसेंबर १९८३ मध्ये सुरू झालेल्या मारुती ८०० चे उत्पादनही जानेवारी २०१४ मध्ये थांबले. पण उत्पादन थांबले म्हणजे गाड्या नाहीशा झाल्या असे नाही. हौसेने जपलेल्या पद्मिनी आजही दिसतात आणि तालुक्याच्या गावी जुनी ८०० घेऊन शाळेत येणारे शिक्षक तर पुष्कळ आहेत.

अशा गाडीचे टायर झिजले की प्रश्न उभा राहतो. मूळ मापाचा टायर दुकानात असतोच असे नाही. मग दुकानदार म्हणतो, "सर, हा बसतो की, फक्त थोडा मोठा आहे." टायर रिमवर चढतो, चाक गाडीला लागते, गाडी घरी येते. पण 'बसतो' आणि 'योग्य आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक समजायला आठवी-नववीचे गणित आणि थोडे पदार्थविज्ञान पुरते. तेच या लेखात पाहू या.

टायरवरची लिपी

टायरच्या बाजूवर १४५/७० आर १२ ६९ एस असे काहीसे लिहिलेले असते. मारुती ८०० च्या टायरचे हे माप आहे. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा टक्केवारी आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे १०१.५ मि.मी. 'आर' म्हणजे रेडियल. त्यापुढचे १२ म्हणजे रिमचा व्यास, तोही इंचांत! एकाच मापात मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तिन्ही नांदतात. विद्यार्थ्यांना एककांचे रूपांतर शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

आता चाकाचा पूर्ण व्यास काढू. रिम १२ × २५.४ = ३०४.८ मि.मी. त्यात वरची आणि खालची अशा दोन भिंती, म्हणजे २०३ मि.मी. मिळवल्या की ५०७.८ मि.मी. हा व्यास मिळतो.

शेवटी उरले ६९ एस. ६९ हा भाराचा निर्देशांक आहे. तो प्रत्यक्ष किलोग्रॅम नव्हे, तर कोष्टकातला क्रमांक आहे. ६९ म्हणजे ३२५ किलोग्रॅम, ७५ म्हणजे ३८७ आणि ८२ म्हणजे ४७५. 'एस' हे वेगाचे अक्षर आहे, म्हणजे ताशी १८० कि.मी. पर्यंत. नवा टायर निवडताना हे दोन्ही मूळ टायरइतके किंवा त्याहून अधिक असावेत, कमी कधीही नसावेत.

थोडा मोठा म्हणजे किती?

समजा, ८०० ला १४५/७० ऐवजी १४५/८० आर १२ हा टायर बसवला. रुंदी तीच, रिम तीच, त्यामुळे तो निमूटपणे चढतो. पण त्याची भिंत ११६ मि.मी. उंच आहे. व्यास होतो ५३६.८ मि.मी., म्हणजे २९ मि.मी. जास्त, जवळजवळ ५.७ टक्क्यांनी मोठा. याचे परिणाम एकेक करून पाहू.

पहिला परिणाम वेगमापकावर होतो. वेगमापक रस्ता पाहत नाही. तो गिअरबॉक्सकडून चाकांचे फेरे मोजतो आणि एका फेऱ्यात किती अंतर जाते हे कारखान्यात गृहीत धरलेले असते. चाक ५.७ टक्के मोठे झाले की काटा ६० दाखवतो, तेव्हा गाडी ६३.४ च्या वेगाने धावत असते. युरोपात उगम पावलेला संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम असे सांगतो, की वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. मोठे चाक नेमके हेच करायला लावते.

दुसरा परिणाम गंमतीचा आहे. गाडी लिटरला १६ कि.मी. जाते असे मालक हिशेबाने काढतो आणि नव्या टायरांनी सरासरी घटली म्हणून हळहळतो. पण मोजलेले १६ हे खरे १६.९ असतात. अंतरमापकही तितकाच मागे पडलेला असतो.

तिसरा परिणाम घाटात जाणवतो. इंजिनाकडून चाकाला मिळतो तो पीळ. रस्त्याला मागे ढकलणारे बल म्हणजे पीळ भागिले चाकाची त्रिज्या. त्रिज्या वाढली की बल कमी होते. इथे ते सुमारे ५.४ टक्क्यांनी घटते. खंबाटकीच्या चढावर चार माणसे घेऊन निघालेल्या ७९६ घन सें.मी.च्या इंजिनाला एवढी घटही पुरेशी असते. ब्रेकचे गणितही तसेच आहे. ब्रेक चाकावर पीळच लावतात. मोठ्या चाकावर तेवढ्याच पिळाने कमी रोधक बल मिळते, म्हणून पाय अधिक दाबावा लागतो.

चौथा परिणाम जागेचा. त्रिज्येत १४.५ मि.मी. वाढ झाली, तर मडगार्ड आणि टायर यांमधले अंतर तेवढेच घटते. रिकामी गाडी दुकानासमोर उभी असताना काही घासत नाही. मागे तिघे बसले, स्प्रिंगा दबल्या आणि पूर्ण वळणात खड्डा आला, की टायर मडगार्डला खातो. म्हणून तपासणी भरलेल्या गाडीने, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून करावी.

ढोबळ नियम असा, की मूळ व्यासापासून दोन-तीन टक्क्यांपेक्षा दूर जाऊ नये.

पद्मिनीचे जुने माप

पद्मिनीच्या टायरवर ५.२०-१४ असे लिहिलेले असे. इथे रुंदीही इंचांत, ५.२ इंच म्हणजे १३२ मि.मी. टक्केवारी लिहिलेलीच नाही. त्या काळच्या टायरची भिंत जवळजवळ रुंदीइतकीच उंच असे. ती ९५ टक्के धरली, तर व्यास सुमारे ६०७ मि.मी. येतो. आता १४ इंची रिमचे आजचे टायर घेऊन पाहा. १५५/८० आर १४ चा व्यास ६०३.६ मि.मी., म्हणजे जवळजवळ तितकाच. १६५/६५ आर १४ मात्र ५७०.१ मि.मी., म्हणजे सहा टक्क्यांनी लहान. दोन्ही '१४ इंची'च! नुसता रिमचा आकडा सांगून टायर मागणे किती अपुरे आहे, ते यावरून कळते.

व्यास जुळला तरी काम संपत नाही. टायरची रुंदी आणि रिमची रुंदी यांचेही नाते असते. रिमची रुंदी टायरच्या रुंदीच्या साधारण ७० ते ८५ टक्के असावी लागते. समजा रिम चार इंच, म्हणजे १०१.६ मि.मी. रुंद आहे. १४५ च्या टायरशी तिचे प्रमाण ७० टक्के, कसेबसे चालेल. १६५ च्या टायरशी ते ६२ टक्क्यांवर येते. असा टायर फुग्यासारखा बाहेर फुगतो, मधला भाग अधिक झिजतो आणि वळणावर गाडी डोलते. रिमची रुंदी बहुधा रिमवरच ठोकलेली असते, ती वाचून घ्यावी.

आडवे धागे, तिरपे धागे

५.२०-१४ हा टायर तिरप्या धाग्यांचा आहे. त्यात रबराच्या पोटातले धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात. त्यामुळे भिंत आणि तळवा एकाच कापडाचे असतात. वळणावर भिंत कलली की तळव्याची एक कड उचलली जाते. मिशलॅन कंपनीने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या रेडियल रचनेत भिंतीतले धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि तळव्याखाली पोलादी तारांचा वेगळा पट्टा असतो. भिंत लवचीक, तळवा ताठ. भिंत वाकली तरी तळवा रस्त्यावर सपाट राहतो. रेडियल टायर खाली थोडा फुगलेला, हवा कमी असल्यासारखा दिसतो. तो त्याचा गुण आहे. म्हणून डोळ्यांनी पाहून जास्त हवा भरू नये, मापकाने मोजावी.

दोन्ही प्रकारचे टायर एकाच आसावर कधीही लावू नयेत. पुढे रेडियल आणि मागे तिरप्या धाग्यांचे ही जोडीही धोक्याची. वळताना प्रत्येक टायर चाकाच्या दिशेपासून किंचित बाजूला सरकत जातो. तिरप्या धाग्यांचा टायर अधिक सरकतो. तो मागे असेल, तर पुढची चाके घट्ट धरून वळतात आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. ओल्या रस्त्यावर गाडी गर्रकन फिरते ती अशी. चारही टायर एकाच प्रकारचे असावेत, हे उत्तम.

आणखी एक गोष्ट ट्यूबलेस टायरची. त्याचा काठ रिमवर हवाबंद बसावा आणि वळणावर निसटू नये म्हणून नव्या रिमच्या आतल्या बाजूस एक उंचवटा असतो. ट्यूबसाठी बनवलेल्या जुन्या रिमला तो बहुधा नसतो. अशा रिमवर ट्यूब घालूनच टायर बसवावा आणि ट्यूबही रेडियलसाठीची घ्यावी.

रिम बदलायची असेल तर

रिम गंजली म्हणून दुसऱ्या गाडीची रिम किंवा अलॉय चाक आणले जाते. तेव्हा चार गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली, नटांचे वर्तुळ. नटांच्या छिद्रांचे मध्य एका वर्तुळावर असतात. त्या वर्तुळाचा व्यास जुळला पाहिजे. चार छिद्रे असतील, तर समोरासमोरच्या दोन मध्यांमधले अंतर हाच व्यास. मधला गोल आड येत असेल, तर शेजारच्या दोन मध्यांमधले अंतर मोजून १.४१४ ने गुणावे. पाच छिद्रे असतील, तर समोरासमोर छिद्रच नसते. तेव्हा शेजारचे अंतर ०.५८८ ने भागावे. हा आकडा ३६ अंशांच्या साइनचा आहे. फियाट पॅलिओचे वर्तुळ ९८ मि.मी., तर इतर अनेक लहान गाड्यांचे १०० मि.मी. फरक दोनच मिलिमीटरचा. नट आवळले की चाक बसल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात नट तिरपे बसलेले असतात, बोल्टवर वाकवणारा ताण येत राहतो आणि नट हळूहळू सैल होतात.

दुसरी, मधले छिद्र. ते हबवर नेमके बसले नाही, तर चाक केंद्रापासून किंचित सरकून फिरते आणि स्टिअरिंग थरथरते.

तिसरी, नटाची बैठक. काही नटांचा तळ शंकूसारखा असतो, काहींचा गोलाकार, तर काहींचा सपाट. शंकूचा नट गोलाकार खोबणीत ठेवला, तर तो फक्त एका बारीक कडेवर टेकतो.

चौथी, चाकाची खोली. चाक हबला ज्या पृष्ठावर टेकते, ते पृष्ठ रिमच्या मध्यरेषेपासून किती आत वा बाहेर आहे, हे मिलिमीटरमध्ये दिलेले असते. हा आकडा ४० ऐवजी २० झाला, तर चाक २० मि.मी. बाहेर येते. चाकावरचा भार २,४०० न्यूटन धरला, तर हबवरच्या बेअरिंगवर २,४०० × ०.०२ = ४८ न्यूटन-मीटर इतके जादा आघूर्ण कायम राहते. रुंद चाके बाहेर काढलेल्या गाडीचे बेअरिंग वारंवार का जाते, याचे कारण हे साधे तरफेचे तत्त्व आहे.

हवाच गाडी उचलते

साधारण ६५० किलोची ८००, त्यात चार माणसे आणि सामान, मिळून ९५० किलो धरू. प्रत्येक चाकावर सुमारे २४० किलो. टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो असेल, तर टायर रस्त्यावर सुमारे १२० चौ. सें.मी. जागेवर टेकतो. भिंतीही थोडा भार उचलतात, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. पण १२० चौ. सें.मी. म्हणजे एका पोस्टकार्डाहून किंचित कमी! वळणे, थांबणे, पावसात रस्ता धरून राहणे, सारे काही अशा चार पोस्टकार्डांवर अवलंबून असते.

म्हणूनच टायरचे वय महत्त्वाचे. जुनी गाडी थोडी चालते, त्यामुळे टायरची नक्षी वर्षानुवर्षे टिकते. भारतातल्या नियमांप्रमाणे नक्षी किमान १.६ मि.मी. खोल हवी आणि ती भरपूर खोल असते. पण हवेतला ओझोन ताणलेल्या रबरातल्या दुहेरी बंधांवर हल्ला करतो, उन्हाने आणि ऑक्सिजनने रबर कडक होते, भिंतीवर बारीक भेगा दिसू लागतात. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. फक्त तीनच आकडे असतील, तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे. तो कितीही नवा दिसो, वापरू नये.

नागपूर-शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. अशा रस्त्यावर गाडी तासन्‌तास एकाच वेगाने धावते. हवा कमी असेल, तर प्रत्येक फेऱ्यात भिंत अधिक वाकते, वाकण्याची ऊर्जा उष्णता होते आणि ती बाहेर पडण्याआधी पुढचा फेरा येतो. म्हाताऱ्या टायरचे थर या उष्णतेने सुटतात. गावात पाच वर्षे निमूट चाललेला टायर महामार्गावर तासाभरात फुटतो, तो यामुळे.

वर्गासाठी प्रयोग

शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या एखाद्या मोटारीच्या टायरवर आणि त्याखाली जमिनीवर खडूने खूण करा. इंजिन बंद ठेवून, सपाट जागेवर, चालकाला ब्रेकपाशी बसवून गाडी हळू ढकला. चाकाचे पाच फेरे होऊ द्या आणि अंतर टेपने मोजा. टायरवरच्या आकड्यांवरून व्यास काढून त्याला पायने गुणा. ८०० च्या चाकाला गणिताने एका फेऱ्यात १,५९५ मि.मी. येतात. प्रत्यक्षात मात्र सुमारे १,५५० भरतील, कारण भाराखाली टायर दबलेला असतो आणि व्यासाला ३.१४ ऐवजी सुमारे ३.०५ ने गुणावे लागते. मग हवा थोडी कमी करून पुन्हा मोजा. फरक किती येतो, ते मुलांनाच शोधू द्या. शेवटी हवा मापकाने पूर्ववत भरायला मात्र विसरू नका.