देव कामावर भेटतो

आषाढी एकादशीसाठी अवघा महाराष्ट्र पंढरपुराकडे निघतो. आळंदीहून ज्ञानोबा, देहूहून तुकोबा, पैठणहून एकनाथ, त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथ. एकादशी सरते, काला होतो, वारकरी एसटीला लटकून पेरणीकडे धावतो आणि वर्तमानपत्रांतली वारीची चौकट बंद होते. त्यानंतर जे घडतं ते पाहायला फारसं कुणी थांबत नाही. आषाढ वद्यात खुद्द विठ्ठलाची पालखी पंढरपुरातून निघते आणि सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, मोडनिंबजवळच्या अरण गावी जाते. एका माळ्याच्या पुण्यतिथीला.

हा माळी म्हणजे संत सावता. परंपरेनुसार 1295 साली, आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांनी देह ठेवला. पंढरपूर इतकं जवळ असूनही सावतोबा कधी वारीला गेले नाहीत, असं वारकरीच कौतुकानं सांगतात. मोट, पाट, वाफे, खुरपणी यांतून त्यांना सवड नव्हती आणि गरजही वाटली नाही. भाजीपाल्यातच त्यांना विठाई दिसत होती. त्यांचे जेमतेम 37 अभंग आज मिळतात. ते काशिबा गुरवांनी लिहून ठेवले म्हणून टिकले. एक कथा तर भलतीच खट्याळ आहे. नामदेवांपासून लपायला विठ्ठल मळ्यात शिरला आणि सावतोबांनी खुरप्यानं आपली छाती चिरून त्याला आत दडवलं! देव भक्ताच्या घरी लपाछपी खेळतो, तीही खुरप्याच्या धारेशी. अरणच्या उत्सवात आजही विठ्ठलाच्या पालखीसमोर नारळांची ‘श्रीफळ हंडी’ फुटते.

पंढरपूरजवळच गोपाळपूर आहे. तिथं जनाबाईचं म्हणून एक जातं दाखवतात आणि यात्रेकरू बाया त्याचा खुंटा धरून दोन फेरे ओढून पाहतात. जनाबाई मूळची गंगाखेडची, नामदेवांच्या घरची दासी. विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो, शेण्या वेचतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण हे एका संत कवयित्रीचंच भाग्य होतं, असं समजण्याचं कारण नाही. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून बायकांच्या लाखभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत विठ्ठल सतत हजर असतो. कधी भाऊ म्हणून, कधी बाप म्हणून, कधी रुक्मिणीशी भांडणारा नवरा म्हणून. पहाटेच्या अंधारात एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हातानं मूठमूठ दाणे टाकायचे, पिठाची रास वाढत जायची. मन मोकळं करायला त्या बाईला मिळणारा दिवसातला बहुधा तेवढाच वेळ. देवालाही तिथंच यावं लागलं.

या गोष्टींची गोडी खरी, पण त्यांना एक कडू बाजू आहे. मंगळवेढ्याचे चोखोबा देवाला आपल्यासोबत ढोरं ओढायला बोलावतात, आणि देव येतो. देवळाचं दार मात्र त्यांना उघडलं नाही. 1338 साली मंगळवेढ्याचं गावकुसू बांधताना ते कोसळून चोखोबा गाडले गेले. समाधी झाली ती पंढरपुरात, विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराबाहेर. त्यानंतर सहाशे वर्षं उलटली, तेव्हा साने गुरुजींना 1 ते 10 मे 1947 या काळात उपोषण करावं लागलं आणि विठ्ठल मंदिर दलितांना खुलं झालं. कामाच्या जागी देव मान्य, पण काम करणारा गाभाऱ्यात नको, हा दुटप्पीपणा आपल्या समाजानं फार सहजपणे पचवला.

गाडगेबाबांना तो बरोबर कळला होता. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या डेबूजी जानोरकरांचं सारं सामान एका हातात मावायचं: फुटक्या मडक्याचं खापर आणि खराटा. गावात आले, की आधी रस्ता झाडायचा, नाल्या साफ करायच्या, मग रात्री कीर्तन. कीर्तनात विचारायचे सवाल असे, की समोरचा शेतकरी स्वतःच उत्तर देऊन बसायचा. पंढरपुरात त्यांनी देऊळ नाही, चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली आणि 1949 मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली.

खराट्याची धाकटी बहीण केरसुणी या दिवाळीत घरोघर देव्हाऱ्याशेजारी बसेल. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणायची, हळदकुंकू वाहायचं, मगच तिनं केर काढायचा. एरवीही तिला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. ही लक्ष्मी शिंदीच्या पानांची. पानं कापून आणायची, वाळवायची, चिरायची, मूठ घट्ट आवळून बांधायची. बोटं सोलवटून टाकणारं हे काम पिढ्यानपिढ्या मुख्यतः मातंग समाजानं केलं. आता प्लास्टिकच्या झाडूंनी त्यांचं गिऱ्हाईक पळवलं आहे आणि खरी विक्री उरली ती दिवाळीच्या दोन-चार दिवसांची. तेव्हा बाजारात रस्त्याकडेला केरसुण्यांचा भारा घेऊन बसलेली मावशी दिसली, तर ती सांगेल तो भाव द्या. लक्ष्मीच्या किमतीत घासाघीस करू नका.