सहरीची वेळ नेमकी कधी संपते?

रमजानमध्ये मुस्लिम बांधवांसोबत इफ्तारला बसणारे बौद्ध तरुण पुष्कळ आहेत. सूर्य मावळला की रोजा सुटतो, हे आपल्याला ठाऊक असते. पहाटेचे जेवण, म्हणजे सहरी, कधी थांबवायची याबद्दल मात्र गैरसमज दिसतो. अनेकांना ती सूर्योदयापर्यंत चालते असे वाटते. तसे नाही.

कुराणाच्या दुसऱ्या सूरहमधील 187 व्या आयतीने ही मर्यादा घालून दिली आहे. पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत खाण्यापिण्याची मुभा आहे. अदी इब्न हातिम यांनी खरोखरच दोन दोरे उशाखाली ठेवून पाहिले, असे हदीसमध्ये येते. तेव्हा पैगंबरांनी खुलासा केला, की धागे म्हणजे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड.

उजाडणेही दोन प्रकारचे. आधी क्षितिजावर उभा, फिकट प्रकाश दिसतो आणि विरतो. ती सुबह काजिब, खोटी पहाट. तेव्हा खाता येते. नंतर क्षितिजालगत आडवा उजेड पसरत जातो. ती सुबह सादिक, खरी पहाट. तिथे सहरी संपते आणि फज्रच्या नमाजाची वेळ सुरू होते. सूर्य क्षितिजाखाली 18 अंशांवर असताना ही पहाट होते, असे अनेक वेळापत्रके धरतात. त्या हिशेबाने मुंबईत ती सूर्योदयाच्या सुमारे सव्वा तास आधी होते.

मदिनेत पहाटे दोन अजान होत. गुलामगिरीतून मुक्त झालेले बिलाल पहिली अजान रात्र असतानाच देत. दुसरी इब्न उम्मे मकतूम देत. ते अंध होते. सकाळ झाल्याचे लोकांनी सांगितले की ते अजान देत. खाणे थांबायचे ते या दुसऱ्या अजानीला. काही वेळापत्रकांत त्याआधी दहाएक मिनिटांचा 'इम्साक' छापतात. ती खबरदारी आहे.

या पहाटेशी आपलाही संबंध आहे. भिक्खूंना आणि अष्टशील पाळणाऱ्या उपासकांना अरुणोदयापासून मध्यान्हापर्यंतच भोजनाची मुभा असते. म्हणजे रोजेदाराचे जेवण थांबते, त्या सुमारास आपली भोजनाची वेळ उघडते.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे: निवासी शिबिरात किंवा वसतिगृहात रोजेदार साथी असेल, तर त्याच्या सहरीचा वेळ सूर्योदयावरून ठरवू नका. खरी पहाट झाल्यावर जाणूनबुजून खाल्ले तर रोजा मोडतो. आदल्या रात्रीच त्याला वेळ विचारा आणि त्याचा डबा राखून ठेवा. बंधुता अशा व्यवस्थेतूनच दिसते.