मार आणि वळण : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलुंडच्या एका परिचित कुटुंबात बसलो असता, पंख्याचे बटण दाबण्यासाठी वडिलांनी हात वर केला मात्र, आणि गृहपाठ लिहीत असलेल्या सात वर्षांच्या मुलाने कोपर झटकन चेहऱ्यापुढे धरले. कोणी त्याला मारणार नव्हते. परंतु त्या इवल्या देहाने मागील माराचा सारा हिशेब जपून ठेवला होता.

गैरसमज : मारल्याने मूल ताळ्यावर येते.

वस्तुस्थिती : मूल तेवढ्यापुरते गप्प बसते आणि त्या भयालाच आपण वळण समजतो. एलिझाबेथ गेर्शॉफ व अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली ७५ अभ्यासांतील सुमारे १ लाख ६० हजार मुलांच्या माहितीचा एकत्रित परामर्श घेतला, तेव्हा साध्या चापटीचाही संबंध आक्रमकता, बेबंद वर्तन व मानसिक अस्वास्थ्य यांच्याशीच आढळला.

गैरसमज : श्यामच्या आईनेही मारलेच होते.

वस्तुस्थिती : साने गुरुजींच्या १९३५ च्या पुस्तकात, पोहायला जाणे टाळणाऱ्या श्यामला आई मारते, हे निर्विवाद, तथापि पुस्तकभर श्याम ज्याचे ऋण मानतो, ते आहे तिचे वात्सल्य आणि दारिद्र्यातही न ढळलेले तिचे आचरण.

गैरसमज : न मारणे हे परदेशी खूळ आहे.

वस्तुस्थिती : पालकांच्या मारावर जगात प्रथम बंदी घातली ती स्वीडनने, १९७९ साली. त्याच्या अर्धशतकापूर्वी, १९२६ मध्ये, मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बालशिक्षण संघाच्या कार्यात उतरल्या होत्या, आणि भयमुक्त शिक्षणाचा तोच विचार त्यांनी पुढे दादरच्या शिशुविहारात व कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत रुजविला.

गैरसमज : घरातल्या मारात कायद्याला दखल देता येत नाही.

वस्तुस्थिती : शाळेतील शारीरिक शिक्षेस शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मनाई आहे, घराबाबत तशी सरसकट मनाई अद्याप नाही. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीस भारतीय न्याय संहितेच्या २७ व्या कलमात मर्यादित संरक्षण आहे. परंतु मुलास नाहक यातना देणाऱ्या पालकावरही बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ७५ व्या कलमान्वये फौजदारी कारवाई होऊ शकते आणि तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. मुलाला स्वतः दाद मागता यावी म्हणून असलेला १०९८ हा क्रमांक १९९६ साली मुंबईच्याच उपनगरात, देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाला.

गैरसमज : मार सोडला की मूल मोकाट सुटते.

वस्तुस्थिती : नियम हवेत, ते मुलाला आधी ठाऊक हवेत आणि आईवडिलांनी स्वतः पाळलेले हवेत. घाटकोपर स्थानकाच्या जिन्यावर चेंगरत, बोरिवलीच्या गाडीत लोंबकळत घरी आलेल्या माणसाचा संताप पुष्कळदा गर्दीचा असतो आणि पडतो मात्र मुलाच्या पाठीवर. म्हणून आधी पाणी प्यावे, दहा मिनिटे बसावे, मगच वही पाहावी.

मुलुंडच्या त्या गृहस्थांनी हात खाली घेतला आणि पंखा तसाच ठेवून ते मुलाशेजारी जमिनीवर बसले. कोपर खाली यायला बराच वेळ लागला. तो वेळ देणे, हेच पालकाचे पहिले कर्तव्य होय.