एक किल्ली, दोन दारे

आपल्यासारख्या संस्थांची दप्तरे आता संगणकात जाऊ लागली आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज, मदत घेणाऱ्या कुटुंबांची माहिती, देणगीदारांचे पत्ते हे सारे चिटणीसांना घरबसल्या पाहता यावे, म्हणून संकेतस्थळावर एक बंद दालन ठेवतात. त्यात कोणास सोडावे, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. परंतु ज्या विधवा भगिनीने संकोचाने अर्जात आपली मिळकत लिहिली, तिची अब्रू त्यावर अवलंबून आहे. म्हणून त्याची थोडी फोड करण्याचे आम्ही योजिले आहे.

संस्थेच्या लिनक्स संगणकावर सेवकांची खाती अगोदरच असतात. तीच संकेतस्थळासही चालावीत, हा विचार सोयीचा खरा. कारकून नोकरी सोडून गेला की एक खाते बंद केले म्हणजे दोन्ही दारे बंद होतात.

चूक होते ती पुढे. परवलीच्या शब्दांची फाइल संकेतस्थळ चालविणाऱ्या 'अपाची'लाच वाचू द्यावी, असा सोपा मार्ग काहीजण काढतात. अशी फाइल उघडी पडली म्हणजे काय होते, याचा धडा १९६६ साली अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये मिळाला. तेथे दोन फायलींची अदलाबदल झाली आणि येणाऱ्या प्रत्येकास दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द दिसले! पुढे युनिक्सने मूळ शब्दाऐवजी त्याचे उलट न फिरविता येणारे रूपांतर ठेवण्याची रीत घेतली. रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनी १९७९ साली तिची कारणमीमांसा केली. नंतर ते रूपांतरही 'शॅडो' नावाच्या निराळ्या फायलीत, सामान्य खात्यांच्या दृष्टीआड गेले. तो पडदा आपणच का फाडावा?

योग्य रीत बँकेतल्यासारखी आहे. खिडकीवरचा कारकून सह्यांचे नमुने स्वतःजवळ बाळगीत नाही. आतल्या अधिकाऱ्यास विचारतो व 'होय' वा 'नाही' एवढेच उत्तर घेतो. 'पीडब्ल्यूऑथ' हा छोटा प्रोग्राम असाच आतला अधिकारी होय. अपाचीला बाहेरील प्रोग्रामकडे चौकशी करू देणारे एक जोडयंत्र बसवावे. त्याने नाव व शब्द पीडब्ल्यूऑथकडे द्यावेत. हा प्रोग्राम वरच्या अधिकाराने चालतो, म्हणून कोणत्या खात्याच्या हाकेला ओ द्यावी, हे त्यात आधीच ठरवून ठेवावे लागते. प्रत्यक्ष पारख 'पॅम' या व्यवस्थेकडून करविता येते. ती १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सच्या विपिन समर व रोलंड शेमर्स यांनी सुचविली. तिच्या नियमांत दोन गोष्टी हव्यात: शब्द जुळतो काय, आणि खाते अद्याप चालू आहे काय. दुसरी ओळ विसरली, तर मुदत संपलेल्या खात्यासही दार उघडण्याचा संभव राहतो.

आणखी तीन पथ्ये सांगतो. अपाचीच्या साध्या पद्धतीत शब्द केवळ वेगळ्या लिपीत, उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. म्हणून सर्व व्यवहार टी.एल.एस.च्या बंद लिफाफ्यातूनच व्हावा. प्रवेश नेमलेल्या गटासच असावा, मुख्य चालकाच्या खात्यास कधीही नाही. आणि ठरावीक वेळा शब्द चुकल्यास खाते काही काळ रोखावे.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संकेतस्थळाचे दार साऱ्या जगासमोर असते. तेथे चोरीस गेलेली किल्ली आता सबंध यंत्राचेही कुलूप काढील. सबब ही सोय चारदोन विश्वासू सेवकांपुरतीच ठेवावी. अर्जदार विद्यार्थी व सभासद यांची खाती निराळ्या यादीत असावीत.

मराठीतील 'अनामत' आणि उर्दूतील 'अमानत' हे मुळात एकच शब्द. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती ही अनामतच आहे. ती ज्याच्या हाती, त्याने कुलपाची चौकशी स्वतः करावी, एवढीच आमची विनंती.