"डॉक्टर, अशक्तपणा फार वाटतो!"

दादरच्या चाळीत राहणाऱ्या माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, टॉनिकच्या रिकाम्या बाटल्यांची एक रांग होती. एकीत तेल, एकीत फिनेल, एकीत गुलाबपाणी. बाटली संपली की ती धुऊन फळीवर जाई आणि मावशी पुन्हा दवाखान्याची पायरी चढे. "डॉक्टर, अशक्तपणा फार वाटतो!" डॉक्टर जीभ पाहत, नाडी पाहत, पापणी खाली ओढून रक्त कमी आहे का ते पाहत आणि नव्या बाटलीचे नाव लिहून देत. हा क्रम कित्येक वर्षे चालला.

याच काळात मावशीने ठिपक्यांची रांगोळी घालणे सोडले. दिवाळीत तिच्या दारची रांगोळी पाहायला शेजारपाजारच्या बायका मुद्दाम येत. ती बंद झाली तेव्हा घरात एवढेच म्हटले गेले, "अलीकडे हिला आळस फार!" रांगोळी आणि टॉनिक यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे ना घरातल्यांच्या ध्यानात आले, ना डॉक्टरांच्या.

मावशी खोटे बोलत नव्हती. तिचे हातपाय खरोखरच गळून जात. आपल्याकडे मनाचे दुखणे बहुधा शरीराच्या वाटेनेच बाहेर पडते. डोके जड होते, छातीत धडधडते, अंग मोडून येते, अन्नावरची वासना उडते. 'मला उदास वाटते' असे डॉक्टरांपुढे म्हणायला माणसाला संकोच वाटतो. आणि म्हटलेच, तर डॉक्टर त्यावर काय देणार, अशीही शंका असतेच.

आपल्या शेजारच्या गोव्यात काही मंडळींनी ही अडचण शास्त्रीय पद्धतीने हाताळली. ती हकिगत घरोघरी कळावी अशी आहे. मुंबईत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल १९९० च्या दशकात आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात संशोधन करीत होते. तेथील शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे. त्याचा अर्थ 'अति विचार करणे'. आपल्याला नैराश्य नावाचा आजार झाला आहे असे तेथील माणसे म्हणत नसत; अति विचाराने त्रास होतो, असे म्हणत. 'विचार करून करून डोक्याचा भुगा झाला' असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द परका वाटू नये! पुढे गोव्यात येऊन डॉ. पटेल यांनी सहकाऱ्यांसह १९९६ साली 'संगाथ' ही संस्था स्थापन केली. संगाथ म्हणजे सोबत.

दुखणे ओळखले, तरी पुढचा प्रश्न उरतोच. उपचार करायचे कोणी? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, निरनिराळ्या मनोविकारांनी त्रासलेल्या १०० माणसांपैकी ७० ते ९२ जणांना उपचारच मिळत नाहीत. तेवढे तज्ज्ञ निर्माण व्हायला कित्येक वर्षे लागतील. तेव्हा उपचाराची प्रत्येक पायरी तज्ज्ञानेच चढवली पाहिजे का, असा प्रश्न 'संगाथ'च्या मंडळींनी स्वतःला विचारला.

त्यातून 'मानस' नावाचा प्रयोग उभा राहिला. १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने निवडले. त्यांतल्या निम्म्या ठिकाणी डॉक्टरांच्या जोडीला एक समुपदेशक दिला. हा कोणी वैद्यकशास्त्र शिकलेला नव्हता. या कामापुरते शिक्षण दिलेली ती एक स्थानिक व्यक्ती होती. रुग्णाचे ऐकून घ्यावे, त्याला त्याचे दुखणे समजावून सांगावे, गरज असेल तेथे डॉक्टरांकडून औषध आणि तज्ज्ञाचा सल्ला मिळवून द्यावा, असे तिचे काम. २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. सरकारी केंद्रांत नेहमीच्या उपचारांनी सहा महिन्यांत १०० पैकी सुमारे ४३ जण बरे झाले होते. जेथे समुपदेशक होता तेथे ६६! खासगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही; तेथे दोन्हीकडे ६५ च्या आसपास माणसे बरी झाली. ओळखीच्या डॉक्टराची विचारपूस हेही थोडेफार औषधच असावे, असा तर्क यावरून कोणी केला, तर मी तरी त्याला हसणार नाही.

पुढचा प्रयोग अधिक तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी होता. आठवड्याला एक, अशा सहा ते आठ भेटी. त्यामागचा विचार साधा आहे. मन खिन्न झाले की माणूस आवडीच्या गोष्टी सोडतो. त्या सोडल्या की दिवसात आनंदाचे काही उरत नाही. मग मन आणखी खिन्न होते. हे चक्र थांबवायचे, तर उत्साह येण्याची वाट पाहत बसायचे नाही. एखादी लहानशी कृती आधी करायची, उत्साह मागून येतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अशा भेटी मिळालेल्यांपैकी शेकडा ६४ रुग्ण तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले. ज्यांना त्या मिळाल्या नाहीत त्यांच्यात हे प्रमाण ३९ होते. वर्षभरानंतरही फरक टिकून होता.

येथे एखादी गृहिणी म्हणेल, "इश्श, यात नवे ते काय? 'कशात तरी मन रमव' असे आम्हीही सांगतोच की!" सांगतो खरे, पण सांगून आपण आपल्या कामाला लागतो. मावशीलाही सर्वांनी तेच सांगितले होते. समुपदेशक आज्ञा करीत नाही. पूर्वी काय आवडत होते ते विचारतो, त्यातली अगदी चिमुकली गोष्ट रुग्णाकडूनच ठरवून घेतो, वार आणि वेळ नक्की करतो आणि पुढच्या आठवड्यात न रागावता विचारतो, "जमले का? नसेल, तर आडवे काय आले?" सगळी रांगोळी नव्हे, चार ठिपके, बुधवारी, सकाळी. आपल्या उपदेशात नसते ते हे पुन्हा येऊन विचारणे. शिवाय या समुपदेशकांच्या संभाषणांचे ध्वनिमुद्रण ऐकून त्यांच्या कामाची तपासणी होत असे. मनाला येईल ते सांगण्याची मुभा त्यांना नव्हती.

अर्थात प्रत्येक मनोविकार गप्पांनी बरा होतो असा याचा अर्थ नाही. भास होणे, भ्रम होणे, माणसाचे सारे वागणेच पालटणे, अशा वेळी मनोविकारतज्ज्ञ आणि औषधे यांना पर्याय नाही. कोणी 'आता जगावेसे वाटत नाही' असे बोलले, तर तो नाटकीपणा समजू नये. स्पष्ट विचारावे, विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मनावरचे ओझे हलके होते. त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून असे उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला आहे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. तो घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

मावशी आज नाही. ती गेल्यावर फळी आवरताना बाटल्यांच्या मागे एक डबा सापडला. त्यात रांगोळी होती, कागदाच्या पुड्यांतून नीट वेगवेगळे ठेवलेले रंग होते. तिने ते टाकून दिले नव्हते. कोणी "चल, आज चार ठिपके घालू" म्हणत तिच्याशेजारी बसले असते, तर काय झाले असते?

फराळाची ताटे घेऊन आपण या दिवसांत घरोघरी जाऊ. कोणी विचारल्यावर "बरे आहे, जरा अशक्तपणा वाटतो" म्हणेल. तेथे ताट ठेवून लगेच उठू नये. घटकाभर बसावे, पुन्हा एकदा विचारावे; आणि आठ दिवसांनी पुन्हा जावे.