वादकाचे यंत्र, प्रकाशकाराच्या हाती

राज्य शासनाने १९५४ साली सुरू केलेल्या हौशी नाट्यस्पर्धेचे एक केंद्र परभणी येथे आहे. आणि सेलू, जिंतूर, गंगाखेड अशा तालुक्यांच्या गावांहून टेम्पोत नेपथ्य घालून येणाऱ्या कोणत्याही मंडळाचा जमाखर्च तपासला, तर वेशभूषा, नेपथ्य आणि प्रवास यांची वजावट झाल्यावर प्रकाशयोजनेच्या खाती जी शिल्लक उरते, तीत लाखोंच्या घरातला प्रकाश-कन्सोल बसणे अशक्य असते. अशा मंडळाने ज्या यंत्राकडे वळावे, ते मुळात दिव्यांसाठी घडलेलेच नाही, ही मोठी गमतीची गोष्ट होय.

जपानचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ या दोन वाद्यनिर्मात्यांच्या पुढाकाराने १९८३ साली मिडी ही संकेतपद्धती प्रचारात आली. तिच्या तारेतून सूर वाहत नाही. अमुक बटण दाबले, अमुक फेडर (वरखाली सरकणारी खुंटी) अमुक ठिकाणी आणला, एवढीच वर्दी आकड्यांत जाते. त्या वर्दीवरून सिंथेसायझरने सूर काढावा की संगणकाने दिवा उजळावा, हे सर्वस्वी वर्दी घेणाऱ्याच्या मर्जीवर. दिव्यांचा कारभार १९८६ पासून डीएमएक्स ५१२ या निराळ्या पद्धतीने चालतो, आणि या दोन दरबारांमधला दुभाषी म्हणजे लॅपटॉपवरील प्रकाशाचे सॉफ्टवेअर. त्यांपैकी क्यूएलसी प्लस तर फुकट मिळते. त्याला अकाईचा एपीसी मिनी हा मुळात वादकांसाठी घडलेला मिडी-कंट्रोलर जोडला की चौसष्ट बटणे आणि नऊ फेडर हाताशी येतात, आणि कोणता प्रवेश चालू आहे हे बटणाच्या हिरव्या-तांबड्या उजेडावरून काळोखातही कळते.

एवढे कशासाठी, माऊस आहे की, असे कोणी म्हणेल. परंतु माऊसचा बाण एका वेळी एकच फेडर ओढतो. डावीकडचा उजेड विझत असताना उजवीकडचा त्याच लयीत चढवायचा, आणि तोही नटाने आज घेतलेला विराम कालच्यापेक्षा लांबला असताना, तर तेथे दोन हातच लागतात. ऑर्केस्ट्रात सारे आधी बसवून ठेवले तरी निभावते; नाटकात बहुधा निभावत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र या स्वस्ताईचा एक दंड भरावा लागतो. मिडीच्या फेडरला ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या, तर दिव्याला ० ते २५५. म्हणजे फेडरची एक पायरी दिव्याच्या दोन पायऱ्यांएवढी. भर उजेडात हा फरक कोणाच्या ध्यानीही येत नाही, परंतु पूर्ण काळोखातून पहाट उगवायची असेल, तर एलईडीचा दिवा पहिल्याच हालचालीला असा दचकून पेटतो की प्रेक्षकांना पहाटेऐवजी कोणी बटण दाबल्याचा भास व्हावा. यावर जाणता प्रकाशकार एक युक्ती करतो: सॉफ्टवेअरमध्ये त्या फेडरची वरची मर्यादा २५५ऐवजी साठ-सत्तरवर आणून ठेवतो, म्हणजे फेडरचा सबंध प्रवास त्या मंद उजेडातच खर्ची पडतो आणि पहाट हळुवार उगवते; पुढचा प्रखर उजेड दुसऱ्या फेडरकडे सोपवायचा.

दुसरा धोका अधिक कपटी आहे. या यंत्राच्या फेडरांना मोटार नसते. सॉफ्टवेअरमध्ये पान बदलले, म्हणजे त्याच फेडरांना दुसरे दिवे नेमून दिले, तरी फेडर जिथे होता तिथेच राहतो, आणि त्याला नुसता धक्का लागताच दिवा एकदम त्या जागेवर उडी घेतो. म्हणून पान बदलण्याचा मोह हौशी प्रकाशकाराने टाळावा, सारे नाटक एका पानावर बसवावे, आणि फेडरांखाली चिकटपट्टी लावून तीवर प्रवेशांची नावे शाईने लिहावीत.

तेव्हा ज्या मंडळाच्या गाठी चार पैसे उरले असतील, त्याने आणखी रंगीत दिवे घेण्याआधी हे यंत्र घ्यावे, आणि ते रंगीत तालमीच्या दिवशी न आणता पहिल्या तालमीपासून प्रकाशकाराच्या हाती द्यावे.