मॅक वाऱ्यावर सोडलाय का?

‘आयफोन आला आणि ॲपलनं मॅककडे पाठ फिरवली’ ही तक्रार आयफोनइतकीच जुनी, आणि तिला पहिला पुरावा खुद्द ॲपलनंच दिला. एप्रिल २००७मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की मॅकची लेपर्ड ही आवृत्ती जूनऐवजी ऑक्टोबरमध्ये येईल. आयफोन वेळेत पुरा करायला तिच्यावरची काही माणसं तिकडे घेतली आहेत. तेव्हा ते शब्दशः खरं होतं. पण पुढची सगळी वर्षं त्याच एका दिरंगाईच्या मापानं मोजणं चूक.

कारण नंतर गंगा उलटी वाहिली. मॅक १९९८पासून एचएफएस प्लस या फाइल सिस्टिमवर चालत होता. तिच्या जागी आलेली एपीएफएस मार्च २०१७मध्ये आधी आयफोनवर उतरली आणि सप्टेंबरात हाय सिएराबरोबर मॅकवर. दहा जीबीचा व्हिडिओ फाइंडरमध्ये डुप्लिकेट करून पाहा, क्षणात काम उरकतं. डेटा दुसऱ्यांदा लिहिलाच जात नाही; दोन्ही फाइली एकाच जागेकडे बोट दाखवतात आणि पुढे जेवढा भाग बदलेल तेवढाच वेगळा लिहिला जातो. नोव्हेंबर २०२०ची एम१ चिपही आयफोनच्या चिपांच्याच कुळातली. इंटेलसाठी लिहिलेली ॲप्स तिच्यावर चालावीत म्हणून रोझेटा २ आलं. लक्ष उडालेल्या यंत्रासाठी एवढा खटाटोप कोण करतं?

वरून काही बदललं नाही म्हणजे आत कुणी फिरकलं नाही, हाही असाच समज. स्टिकीज हे ॲप १९९४च्या सिस्टिम ७.५मधलं. पिवळ्या चिठ्ठीच्या माथ्यावर डबल-क्लिक केलं की ती आजही एका पट्टीएवढी गुंडाळली जाते. पण २०१९च्या कॅटलिनानं ३२-बिट ॲप्स बंद केली, पुढे इंटेलही गेलं. चिठ्ठी दोन्हींतून तरली, म्हणजे कुणीतरी तिचा कोड उघडलाच असणार.

खरी खोट वेगळीच आहे. २०१२पासून दरवर्षी नवी आवृत्ती काढायचीच, असा शिरस्ता पडला. २०२२च्या व्हेंचुरात सिस्टिम सेटिंग्ज फोनसारख्या उभ्या यादीत कोंबल्या. २७ इंची पडद्यावरही ती खिडकी लांब होई, रुंद काही होईना! हे दुर्लक्ष नव्हे, पण घाईचं काम नक्कीच.

मग जुने लोक २००९च्या स्नो लेपर्डची आठवण काढतात. म्हणे त्यात एकही चूक नव्हती. प्रत्यक्षात गेस्ट खात्यात शिरून बाहेर आलेल्या काहींचा स्वतःच्या खात्यातला डेटा पुसला गेला होता, आणि दुरुस्ती आली ती नोव्हेंबरात, १०.६.२मध्ये. त्यांच्या आठवणीत राहिलाय तो १०.६.८, जून २०११मधला, जवळजवळ दोन वर्षं घासूनपुसून मार्गी लागलेला. आज तेवढ्या अवधीत दुसरी नवी आवृत्ती दारात उभी असते.